एकोणिसावा मजला आणि लिफ्टची भीती: सराव नेमका कसा करून घ्यायचा?

कासारवडवली_लेक

नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. त्यामुळे आई (वय ६१) मार्चपासून घोडबंदर रोडला आमच्याकडे, १९व्या मजल्यावर राहते. जूनमध्ये वीज गेली तेव्हा ती आणि दोन शेजारी सातव्या-आठव्या मजल्याच्या मध्ये १२ मिनिटं लिफ्टमध्ये अडकले. इजा काहीच झाली नाही, पण तेव्हापासून आई लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. एका मजल्याला १८ पायऱ्या, म्हणजे एकूण ३४२. गुडघे दुखतात म्हणून दोन महिन्यांत जेमतेम चार वेळा खाली उतरली. भाजी, देऊळ, बहिणीकडे जाणं, सगळं थांबलंय.

रक्तदाबाची गोळी चालू आहे. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड डॉक्टरांनी बघितलं, ठीक आहे. दमा नाही.

तिची भीती तिच्याच शब्दांत अशी: "दोर तुटला तर", "हवा संपली तर", "दार उघडलंच नाही तर", "चारचौघांत चक्कर येऊन पडले तर".

"हळूहळू सवय करा" असं सगळेच सांगतात. मला पायऱ्या हव्यात. पहिल्या दिवशी काय, किती वेळ, मी सोबत जायचं की नाही, ती घाबरली तर बाहेर काढायचं की थांबायचं? ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी कृपया नीट सांगावं.

---

रोप_आणि_ब्रेक

ताई, आईंच्या चार शंकांपैकी तीन यंत्राच्या आहेत, त्यांची उत्तरं देतो.

दोर: लिफ्टचा गाडा एका दोरावर नसतो. पोलादी दोर अनेक असतात आणि सगळ्यांची मिळून ताकद पूर्ण भरलेल्या गाड्याच्या वजनाच्या दहा-बारा पट धरून ते निवडलेले असतात. ते झिजतात, तारा सुटायला लागतात, म्हणून तपासून बदलतात. दोर सोडूनही गाड्याला स्वतंत्र पकड असते. वर 'गव्हर्नर' नावाचं चाक फिरत असतं. ठरलेल्या वेगापेक्षा साधारण १५ टक्के किंवा थोडा जास्त वेग झाला की ते अडकतं आणि गाड्याखालचे सेफ्टी गिअरचे जबडे दोन्ही बाजूंचे लोखंडी रूळ आवळतात. याला वीज लागत नाही.

ब्रेक: लोकांना वाटतं विजेने ब्रेक लागतो, म्हणजे वीज गेली की ब्रेक गेला. खरं उलटं आहे. ब्रेक स्प्रिंगने लागलेलाच असतो आणि वीज असेपर्यंत चुंबक त्याला उघडा धरतो. वीज गेली की चुंबक सुटतो आणि ब्रेक आपोआप बसतो. जूनमध्ये आईंना जो धक्का जाणवला असेल तो लिफ्ट पडण्याचा नव्हता, ब्रेक बसण्याचा होता. हे त्यांना जरूर सांगा, कारण तोच धक्का बहुतेक त्यांच्या डोक्यात 'तुटलं' म्हणून बसला आहे.

अजून एक. गाड्याच्या विरुद्ध बाजूला काउंटरवेट असतं. त्याचं वजन रिकामा गाडा अधिक निम्म्याच्या आसपास भार इतकं असतं. १३ माणसांची लिफ्ट ८८४ किलोची (माणशी ६८ किलो धरतात). आत दोन माणसं, म्हणजे १३०-१४० किलो असली तर काउंटरवेटच ३०० किलोने जड पडतं. म्हणून वीज गेल्यावर बॅटरीवरची सुटका यंत्रणा, म्हणजे एआरडी, बऱ्याचदा गाडा खाली न आणता सावकाश वरच्या मजल्याला नेते. आधी माहीत नसेल तर माणूस त्याने आणखी घाबरतो.

हवा: गाडा हवाबंद नसतो. वर आणि खाली झरोके असतात, दाराच्या फटीही असतात. पंखा बंद पडला की उकडतं, घाम येतो, पण हवा संपत नाही.

बाळकुमला सप्टेंबर २०२३ मध्ये जो अपघात झाला तो इमारतीचं काम चालू असतानाच्या बांधकाम लिफ्टचा होता. राहत्या इमारतीतली प्रवासी लिफ्ट वेगळी असते. आईंच्या मनात ती बातमी असेल तर हा फरक समजावा.

आणि वेळ मोजून दाखवा. ताशी-बिशी नको, सरळ सेकंदात. १९ मजले म्हणजे सुमारे ५७ मीटर. दीड मीटर प्रतिसेकंद वेगाची लिफ्ट मध्ये न थांबता ४०-४५ सेकंदांत पोचवते.

---

पाचपाखाडीकर

एक साधा उपाय. निघण्याआधी फोन लावून कानाला ठेवायला सांगा, बोलत बोलत मजला कधी येतो कळत नाही. डोळे मिटून स्तोत्र म्हटलं तरी चालतं. फारच झालं तर डॉक्टरांना विचारून मन शांत करणारी अर्धी गोळी.

---

मनोमय_वाशी

पाचपाखाडीकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण नेमक्या याच गोष्टींनी भीती वर्षानुवर्षं टिकते. फोनवर बोलत १९ मजले चढल्यावर मन काय शिकतं? "फोन होता म्हणून वाचले." मग एक दिवस आतमध्ये रेंज जाते आणि पहिल्या दिवसाइतकीच भीती परत येते. झोपेच्या जातीची गोळी घेऊन केलेल्या सरावाचंही तेच: श्रेय गोळीला जातं. आईंना अशी गोळी आधीच चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. स्तोत्राचा प्रश्न नाजूक आहे. रोजच्यासारखं ओठांवर आलं तर येऊ द्या. "म्हटलं नाही तर काहीतरी होईल" असं असेल तर घरी देवापुढे म्हणावं आणि लिफ्टमध्ये गप्प उभं राहावं.

आता ताईंसाठी.

हा सराव भीती घालवून मग लिफ्टमध्ये बसण्याचा नाही. भीती असताना बसायचं आणि आपलं भाकीत खोटं ठरतं हे अंगाने अनुभवायचं. म्हणून वही हवी. चार रकाने: आज काय करणार, काय होईल असं वाटतं, भीती किती (० ते १००), प्रत्यक्षात काय झालं. दुसरा रकाना लिफ्टमध्ये शिरण्याआधी आणि आईंच्या हाताने भरायचा, तोही नेमका. "बरं नाही वाटणार" असं लिहून उपयोग नाही. "दार बंद झाल्यावर अर्ध्या मिनिटात श्वास बंद होईल आणि मी खाली पडेन" असं लिहिलं तरच ते नंतर ताडून बघता येतं.

वेळ दुपारी २ ते ४ ठेवा, लिफ्ट रिकामी असते. आठवड्याचे पाच दिवस, दर वेळी ४०-४५ मिनिटं. आठवड्यातून एकदा तासभर केलं तर मधल्या सहा दिवसांत भीती पुन्हा घट्ट होते. दोन लिफ्ट असतील तर एक त्या वेळेपुरती मिळेल का, सुरक्षारक्षकांना आधी विचारा.

पहिल्या दिवशी तळमजल्यावर फक्त लिफ्टसमोर उभं राहायचं, दार उघडताना-मिटताना बघायचं. मग उघड्या दारातून आत जाऊन उभं राहायचं. दार पायाने अडवू नका, उघडं ठेवण्याचं बटण दाबून धरा. बऱ्याच लिफ्ट दार फार वेळ उघडं राहिलं की भोंगा वाजवतात आणि सावकाश मिटायला लागतात. नवख्या माणसाला तो भोंगा म्हणजे बिघाड वाटतो. देखभालीच्या माणसाने अर्धा तास लिफ्ट अटेंडंट मोडवर (म्हणजे दार आपोआप मिटत नाही) टाकून दिली तर हा त्रास राहत नाही.

त्यानंतर दार मिटलेलं, लिफ्ट जागेवरच. मजल्याचं बटण न दाबता एक मिनिट, मग तीन, मग पाच. ही पायरी लोक गाळतात, आणि आईंच्या बाबतीत तीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण त्या चालत्या लिफ्टला घाबरलेल्या नाहीत, थांबलेल्या लिफ्टला घाबरलेल्या आहेत. एक सावधगिरी: बऱ्याच लिफ्टमध्ये दोन-तीन मिनिटं कोणी बटण दाबलं नाही तर दिवा आणि पंखा आपोआप बंद होतो. आधी सांगून ठेवा आणि कुठलंही बटण दाबलं की परत लागतो हे त्यांच्याकडूनच करून घ्या.

मग एक मजला वर, एक मजला खाली, एकाच बैठकीत आठ-दहा वेळा. एकदा करून "झालं बाई" म्हणत घरी जायचं नाही. पहिल्या फेरीला ८० असलेला आकडा सातव्या-आठव्या फेरीला ४०-५० वर येतो. कधी येतही नाही, तरी हरकत नाही. भाकीत दोन बैठकांत सलग खोटं ठरलं की पुढची पायरी. शून्याची वाट बघत बसलात तर वर्ष जाईल.

पुढे तीन मजले, सात, बारा, एकोणीस. सातव्या-आठव्याच्या मधला पट्टा त्यांना नको वाटेल, तिथून मुद्दाम जास्त फेऱ्या करा. जाताना त्यांचं तोंड दाराकडे नसलं तरी चालेल, डोळे मात्र उघडे हवेत आणि कठडा घट्ट धरायचा नाही. पाण्याची बाटली, कांदा, कापूर, पिशवीतली गोळी, यांतलं काय काय त्या सोबत नेतात त्याची यादी करा आणि एकेक गोष्ट घरी ठेवत चला.

तुम्ही सोबत जायचं का? एकेक टप्पा आधी सोबत, मग लगेच एकट्याने. सगळे टप्पे सोबत करून शेवटी एकटीला पाठवू नका. सोबत असतानाही "काही होत नाही गं आई" म्हणू नका. वरच्या प्रतिसादातली यंत्राची माहिती एकदा, शांतपणे बसून सांगा. पाचव्यांदा "पण दोर..." आलं तर विचारा, "वहीत काय लिहिलंस? चल, बघू." दिलासा मागणं आणि देणं हाही पायऱ्यांनी चढण्यासारखाच पळण्याचा मार्ग आहे. तासाभरापुरतं बरं वाटतं आणि उद्या दुप्पट लागतो.

घाबरल्या तर बाहेर काढायचं का? शक्यतो नाही. भीतीची लाट साधारण दहाएक मिनिटांत शिखराला जाते आणि मग उतरते. ऐन शिखरावर बाहेर पडलं की शरीर "बाहेर पडले म्हणून वाचले" हेच शिकतं. अगदीच बाहेर यावं लागलं तर चालेल, पण पाच मिनिटांत पुन्हा आत जायचं, हवं तर एक पायरी खालची. दिवस पळण्यावर संपवू नका.

चक्कर येऊन पडण्याबद्दल: भीतीने रक्तदाब वाढतो, बेशुद्ध पडायला तो उतरावा लागतो. रक्त किंवा सुई बघून माणसं पडतात ती वेगळी जात आहे, तिथे रक्तदाब आधी चढून मग झपकन उतरतो. आईंना जी भोवळ आल्यासारखी वाटते आणि बोटांना मुंग्या येतात ती जोरजोरात श्वास घेतल्यामुळे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याची ती लक्षणं आहेत. म्हणजे "हवा कमी पडतेय" असं वाटत असताना त्या खरं तर गरजेपेक्षा जास्त हवा घेत असतात. घरी सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर असा श्वास शिकवा. खोल नको, सावकाश हवा. "मोठा श्वास घे" हा सल्ला इथे उलटा पडतो.

मोठ्या चुका तीन. फसवून नेणं ("फक्त बघायला ये" म्हणून बटण दाबणं) ही सर्वांत वाईट, त्यात तुमच्यावरचा विश्वास जातो. दुसरी, चांगला दिवस आला म्हणून चार पायऱ्या एकदम घेणं. तिसरी, सराव चालू असताना बाकी वेळी जिना वापरू देणं. जी पायरी जमली तिच्यापुरता जिना बंद. तिसऱ्या मजल्यापर्यंत जमत असेल तर तिथपर्यंत लिफ्टच, पुढे चालत.

---

सचिव_खारघर

सोसायटीच्या बाजूचं थोडं. सराव कितीही चांगला केला तरी पुढच्या पावसात पुन्हा १२ मिनिटं अडकल्या तर काय, हा आईंचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर समितीने द्यायचं आहे.

एआरडी असताना १२ मिनिटं लागली असतील तर बहुतेक बॅटऱ्या संपलेल्या असणार. त्या दोन-तीन वर्षांत उतरतात आणि कोणी बघत नाही. महिन्यातून एकदा देखभालीच्या माणसासमोर, गाडा रिकामा आणि मजल्यांच्या मध्ये असताना मेन स्विच पाडून बघायचा. काही सेकंदांत एआरडी चालू होऊन गाडा जवळच्या मजल्याला लागला आणि दार उघडलं पाहिजे. तारीख आणि लागलेली सेकंदं नोंदवहीत. जनरेटरवर लिफ्ट असेल तर आधी कोण सुरू होतं, जनरेटर की एआरडी, हे विचारून घ्या. दोन्हींची वेळ जुळवलेली नसेल तर मध्येच गोंधळ होतो.

अलार्म बेल आणि इंटरकॉम रात्रपाळीच्या रक्षकापर्यंत पोचतो का ते रात्री अकरानंतर दाबून बघा, दिवसा नव्हे.

अडकल्यावर काय करायचं हा कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत गाड्यात लावा: बेल दाबा, इंटरकॉमवर मजला सांगा, दाराला हात लावू नका. दार ओढून उघडण्याबद्दल कळकळीने सांगतो. अडकलेली लिफ्ट क्वचितच मारते. गाडा दोन मजल्यांच्या मध्ये असताना दार उघडून खाली उडी मारणारा माणूस गाड्याखालच्या मोकळ्या जागेतून लिफ्टच्या खड्ड्यात जातो. त्रिकोणी किल्ली शिकवलेल्या माणसाकडेच असावी आणि त्याने आधी मेन बंद केल्याशिवाय दार उघडू नये. आग लागली असेल तर मात्र लिफ्ट नाहीच, जिना.

राज्यात लिफ्टसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे (त्याआधी १९३९ चा होता), परवाना आणि तपासणी त्याखाली येते. सभासद म्हणून समितीला लेखी विचारा: शेवटची तपासणी कधी, देखभालीचा करार चालू आहे का, एआरडीची शेवटची चाचणी कधी.

---

कासारवडवली_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. समितीला आजच पत्र देते. मनोमय, दोन प्रश्न. एआरडीची चाचणी आईला आत ठेवून करता येईल का? आणि सप्टेंबरात गणपतीला आम्ही दहा दिवस गावी जाऊ, तिथे लिफ्ट नाही. केलेलं सगळं वाया जाईल का?

---

मनोमय_वाशी

करता येईल, आणि आईंसाठी तीच शेवटची पायरी ठेवा. अटी अशा: आधी सचिव म्हणाले तशी रिकाम्या गाड्याची चाचणी दोनदा नीट झालेली हवी, देखभालीचा माणूस हजर हवा, आणि किती वाजता मेन पडणार हे आईंना माहीत हवं. अचानक कधीच नाही. वहीत भाकीत लिहून घ्या, पहिल्यांदा तुम्ही सोबत, दुसऱ्यांदा त्या एकट्या. त्याआधी थांबलेल्या लिफ्टमध्ये पंधरा मिनिटं बसण्याचा सराव झालेला असू द्या, स्टूल न्या, गुडघ्यांना बरं. जूनपेक्षा तीन मिनिटं जास्त, हे मी मुद्दाम म्हणतोय.

त्याच सुमारास इतर लिफ्ट घ्या, नाहीतर धीर फक्त तुमच्या इमारतीपुरता राहतो. ठाणे स्टेशनवरची सावकाश चालणारी, मॉलमधली काचेची (सकाळी अकराच्या सुमारास गर्दी नसते), दवाखान्याची, बहिणीच्या इमारतीतली जुनी जाळीची असेल तर तीही. आणि शेवटी तुमचीच, सकाळी साडेआठला, ऑफिसच्या गर्दीत.

गणपतीचं: वाया जात नाही, पण परत आल्यावर आकडा वर दिसेल. ३० वर सोडून गेलात तर ६० वर सापडेल. हे भीतीचं नेहमीचंच वागणं आहे, आईंना निघण्याआधीच सांगून ठेवा, म्हणजे "पुन्हा पहिल्यापासून" असं वाटणार नाही. आल्या दिवशी सामान घेऊन वर जाताना लिफ्टच घ्यायची. त्या वेळी जिना चढला तर मात्र दोन आठवडे मागे जाल. दुसऱ्या दिवशी एक पूर्ण बैठक, सात-आठ फेऱ्या, बहुतेक तेवढ्यात आकडा जागेवर येतो.

सहा आठवडे नेमाने करूनही वहीतले आकडे हलत नसतील, किंवा भीती लोकल, बाजार, घरी एकटं राहणं अशी पसरत असेल, तर एकट्याने रेटू नका. अशा ठरावीक गोष्टीच्या भीतीवर प्रशिक्षित माणूस एकाच लांब, तीन तासांपर्यंतच्या बैठकीतही काम करतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये ती पद्धत मांडली. भेट घेताना "तुम्ही प्रत्यक्ष लिफ्टमध्ये सराव करून घेता का?" हे विचारा. नुसत्या गप्पांवर या भीतीत फारसं काही होत नाही. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, मराठीतून.

सोमवारी सुरू करा. पहिल्या दिवशी फक्त समोर उभं राहणं आणि उघड्या दारात आत जाणं, त्यापुढे नाही, आईंनी स्वतःहून म्हटलं तरी नाही.